मूळपेशींचं संशोधन : आपण बायांनी कोणते प्रश्न विचारायचे?

(बुलढाणा जिल्ह्यातील महिला मंडळं, बचत गट आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या चिखली येथील एक दिवसाच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संक्षिप्त केलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मूळपेशी' हा विषय वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला अडवलं. "ताई, हे काय नवीन काढलं? रेशनचे, दारूचे, मारहाणीचे प्रश्न काय कमी पडले?" प्रश्न रास्त आहे. मी एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हा या विषयाची एक ओळही आम्हाला अभ्यासाला नव्हती. हा विषय मी हौसेनं उचललेला नाही. गेल्या काही वर्षांत कामाच्या ओघात तो माझ्या दारात आला, आणि एकदा नाही, तीनदा आला.

पहिल्यांदा तो मोताळा तालुक्यातल्या एका सात महिन्यांच्या गरोदर सुनेच्या पिशवीतून आला. शहरातल्या खाजगी दवाखान्यात तपासणीला गेली असता तिला एक गुळगुळीत पुस्तिका मिळाली होती. पहिल्या पानावर गोरं बाळ, आणि आत लिहिलेलं: बाळाच्या नाळेतलं रक्त आमच्याकडे जपून ठेवा, हा त्याचा आयुष्यभराचा विमा आहे. रक्कम साठ-पासष्ट हजार, हप्त्यानंही भरता येईल. नवरा मालवाहू गाडीवर चालक. ती मला म्हणाली, "ताई, नाही ठेवलं अन् उद्या लेकराले काही झालं, तं दोष कोनाले देतीन?"

दुसऱ्यांदा तो संग्रामपूरकडच्या एका आईच्या तोंडून आला. तिचा सहा वर्षांचा मुलगा जन्मापासून चालत नाही, बोलत नाही. सेरेब्रल पाल्सी आहे. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात 'स्टेम सेलची इंजेक्शनं' दिली की पोरगं चालायला लागेल, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. जाण्याआधी ती माझ्याकडे आली आणि विचारलं, जाऊ का? मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी म्हटलं, "डॉक्टर सांगतात तर बघा." हे वाक्य मला आजही टोचतं. एक एकर वावर विकून तीन वेळा इंजेक्शनं झाली. पोरगं आहे तसंच आहे.

तिसऱ्यांदा विचारणारी होती आमच्या सल्ला केंद्रात येणारी एक परित्यक्ता. तिला ओळखीच्या बाईनं सांगितलं होतं की शहरात 'बीज' दिलं की रोख पैसे मिळतात, कोणाला कळतही नाही. तिचा प्रश्न सरळ होता: "हे खरं आहे का, आणि यात धोका काय?"

नाळेचं रक्त, इंजेक्शनं आणि स्त्रीबीज या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. पण तिन्हींच्या मुळाशी एकच विज्ञान आणि एकच बाजार आहे. म्हणून मी वाचायला लागले, डॉक्टर मैत्रिणींकडून समजून घेतलं, आणि आज ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

मूळपेशी म्हणजे काय?

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. कातडीची पेशी वेगळी, रक्ताची वेगळी, मेंदूची वेगळी. एकदा पोळी लाटून भाजली की तिची पुरी होत नाही, तशी कातडीची पेशी आपणहून मेंदूची होत नाही. मूळपेशी मात्र मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी असते. ती स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि गरजेप्रमाणे वेगळं रूपही घेते. भ्रूण पाच-सहा दिवसांचा असतो, खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो, तेव्हा त्याच्या आतल्या पेशींपासून शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकते. मोठ्या माणसाच्या हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, आणि बाळाच्या नाळेच्या रक्तात ज्या मूळपेशी असतात त्यांच्यापासून मुख्यतः रक्ताच्या पेशी होतात. हा फरक लक्षात ठेवा. पुढची बरीचशी फसवणूक हा फरक झाकूनच होते.

या विज्ञानानं माणसं वाचवली आहेत, हे आधी मोकळेपणानं मान्य करू या. अस्थिमज्जा बदलण्याचे उपचार आपल्या देशात १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी सुरू केले. लहानपणी पोलिओ झाल्यानं ते स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून काम करत आले. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा आजारांत योग्य दाता मिळाला तर या उपचारानं रोगी बरा होऊ शकतो. १९८८ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदाच नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी वापरून एका मुलाला जीवदान मिळालं. ते रक्त होतं त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या पेशीला पुन्हा मूळपेशीसारखं करून दाखवलं. २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यामुळे भ्रूणाला हात न लावताही पुष्कळ संशोधन करता येऊ लागलं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, भ्रूणातल्या मूळपेशींपासून तयार केलेल्या पेशी दिल्यावर मधुमेहाच्या बारापैकी दहा रुग्णांना वर्षभरानंतर इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागत नव्हतं. हे रुग्ण लहान वयात होणाऱ्या, तीव्र प्रकारच्या मधुमेहाचे होते. बाराच रुग्ण, पण गोष्ट लहान नाही.

तेव्हा आपण विज्ञानाच्या विरोधात उभ्या आहोत असं कोणी म्हटलं तर ते मान्य करू नका. आपला प्रश्न वेगळा आहे. या संशोधनासाठी कच्चा माल कोणाच्या शरीरातून येतो, कोणाला विचारून येतो, आणि फळ कोणाच्या पदरात पडतं?

भ्रूणाचा वाद आणि त्यातून गायब झालेली बाई

१९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूणातून मूळपेशी वेगळ्या केल्या. त्या काढताना भ्रूण नष्ट होतो. तेव्हापासून जगभर वाद पेटला. एक बाजू म्हणते, गर्भधारणेच्या क्षणापासून तो माणूस आहे, त्याला मारणं ही हत्या आहे. दुसरी बाजू म्हणते, टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारात जास्तीचे भ्रूण उरतातच, ते फेकण्यापेक्षा रोग्यांच्या उपयोगी पडले तर काय बिघडलं?

ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ठरवलं की आधीच तयार असलेल्या पेशींवरच सरकारी पैशानं संशोधन होईल, नवीन भ्रूण त्यासाठी नष्ट करायचे नाहीत. मग अशा तयार पेशी कोणाकडे आहेत याची यादी निघाली. जगातल्या दहा प्रयोगशाळांच्या त्या यादीत भारतातल्या दोन होत्या: बंगलोरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि आपल्या मुंबईतली रिलायन्स लाइफ सायन्सेस. आपल्या देशात मूळपेशींसाठीची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं २००७ साली आली. म्हणजे भारतातल्या भ्रूणांपासूनच्या पेशी जगाच्या यादीत आधी गेल्या आणि नियम सहा वर्षांनी आले. मूल व्हावं म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणाऱ्या, सासरचे टोमणे खाणाऱ्या बाईपुढे जेव्हा संमतीचा कागद येतो, तेव्हा "नाही" म्हणण्याची तिची ताकद किती असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या वादात आपण कोणत्या बाजूला जायचं? आपल्याच गटांत यावर मतभेद आहेत आणि ते असायला हरकत नाही. माझं मत सांगते. गर्भधारणेच्या क्षणापासून भ्रूणाला माणसाचे हक्क द्यायचे ठरलं, तर १९७१ च्या कायद्यानं मिळालेल्या सुरक्षित गर्भपाताच्या हक्काच्या मुळावरच घाव बसतो. म्हणून ती भूमिका मला मान्य नाही. पण "भ्रूण म्हणजे नुसता पेशींचा गोळा, वापरा हवा तसा" हेही मला मान्य नाही. कारण तो गोळा हवेतून येत नाही. एका बाईनं दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं घेऊन, भूल घेऊन, योनीमार्गातून सुई घालून काढून घेतलेल्या बीजापासून तो तयार होतो. वादाच्या दोन्ही बाजूंना भ्रूण दिसतो. ती बाई कोणालाच दिसत नाही.

आज आपल्याकडे काय नियम आहेत ते माहीत असू द्या. आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की भ्रूण चौदा दिवसांपलीकडे प्रयोगशाळेत वाढवायचा नाही आणि माणसाची हुबेहूब प्रत जन्माला घालायची नाही. वंध्यत्व उपचारांसाठीचा २०२१ चा कायदा सांगतो की साठवलेला भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा, किंवा त्या जोडप्याच्या संमतीनं नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. 'जोडप्याची संमती' या शब्दांवर जरा थांबा. आपल्या घरांत जोडप्याची संमती म्हणजे कोणाची सही असते?

स्त्रीबीज : कोरियाचा धडा

त्या परित्यक्ता बहिणीच्या प्रश्नाकडे येते. २००४ आणि २००५ साली दक्षिण कोरियाचे शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांनी जाहीर केलं की आपण मानवी भ्रूणाची प्रत करून मूळपेशी काढल्या. देशात ते महानायक झाले. पुढे सगळं खोटं निघालं आणि जानेवारी २००६ मध्ये त्यांचे लेख मागे घेतले गेले. वर्तमानपत्रांत गाजलं ते त्यांचं खोटं बोलणं. पण तिथल्या स्त्री-संघटनांनी वेगळाच प्रश्न लावून धरला. या कामासाठी दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजं वापरली गेली होती. काही बायांना पैसे दिले होते. बीज देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कनिष्ठ संशोधक मुली होत्या. साहेबाच्या हाताखाली काम करणारी मुलगी जेव्हा 'स्वखुशीनं' बीज देते, तेव्हा त्या खुशीत भीती किती आणि खुशी किती?

बीज काढण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनांनी बीजकोश फार फुगू शकतात, पोटात पाणी साठू शकतं, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. क्वचित जिवावरही बेततं. आपला २०२१ चा कायदा म्हणतो की बीज देणारी बाई २३ ते ३५ वर्षांची असावी, तिनं आयुष्यात एकदाच बीज द्यावं, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढू नयेत. बीजांची आणि भ्रूणांची विक्री गुन्हा आहे. मी त्या बहिणीला हे सगळं सांगितलं आणि दलालाच्या मागं जाऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली, "मग पोरीच्या फीचं काय?" याला कायद्यात उत्तर नाही. ते पोटगीच्या, रोजगाराच्या लढ्यात आहे. म्हणून मी म्हणते की हा विषय आपल्या रोजच्या प्रश्नांपासून लांबचा नाही.

बहिणीची मज्जा

दुसरं एक उदाहरण जवळचं आहे. मज्जा जुळण्याची शक्यता सख्ख्या भावंडांत सगळ्यात जास्त, म्हणजे प्रत्येक भावंडामागे चारात एक असते. अहमदाबादच्या एका जोडप्याच्या मुलाला थॅलेसेमिया होता. जुळणारा दाता मिळेना. तेव्हा टेस्ट-ट्यूब पद्धतीनं भ्रूण तयार करून, आजार नसलेला आणि भावाशी जुळणारा भ्रूण निवडून, २०१८ साली मुलीला जन्म दिला गेला. २०२० साली तिची मज्जा भावाला दिली आणि मुलगा बरा झाला. या आईबापाला मी दोष देणार नाही. दर काही आठवड्यांनी लेकराला रक्त चढवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्या कोणीही देणार नाही. पण चळवळ म्हणून आपल्याला विचारलं पाहिजे: दीड-दोन वर्षांच्या मुलीच्या वतीनं 'हो' कोण म्हणतं? आणि आजारी मुलगी असती, तर तिच्यासाठी एवढा खर्च, एवढी खटपट किती घरांत झाली असती?

हे मी उगाच म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८५५. जिजाऊंच्या सिंदखेडराजाचा हा जिल्हा! सोनोग्राफी यंत्र आलं तेव्हाही ते बाळाच्या भल्यासाठी म्हणूनच आलं होतं. भ्रूण निवडण्याचं तंत्र आज आजार टाळण्यासाठी आहे आणि त्यातून मुलगा निवडणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण यंत्र कोणाच्या हातात पडतं आणि समाज कसा आहे, यावर त्याचा उपयोग ठरतो, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत.

नाळेचा 'विमा'

आता त्या गरोदर सुनेची पुस्तिका. आपल्याकडे म्हणतात, या गावात माझी नाळ पुरली आहे. नाळ-वार मातीत पुरण्याची रीत होती. आता तीच नाळ गोठवून ठेवायला पैसे मागतात. यातलं खरं किती?

नाळेचं रक्त उपयोगी आहे, पण मुख्यतः दुसऱ्या कोणासाठी. थॅलेसेमिया, सिकलसेल हे आजार जन्मतःच जनुकांत असतात. म्हणजे आजारी मुलाच्या स्वतःच्या नाळेच्या रक्तातही तोच दोष असतो. तेच रक्त त्याला परत देऊन आजार जात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००७ साली सांगितलं होतं की स्वतःचं नाळेचं रक्त स्वतःला लागण्याची शक्यता हजारात एकपासून दोन लाखांत एकपर्यंत, अशी वेगवेगळी सांगितली जाते. आपल्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्वतःच्या भविष्यासाठी असं रक्त जपून ठेवायला शास्त्रीय आधार नाही असंच म्हटलं आहे. घरात आधीच एखादं मूल अशा आजारानं ग्रस्त असेल, तर धाकट्याच्या नाळेचं रक्त ठेवण्याला अर्थ आहे, आणि तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून घ्यावा. सगळ्यांना भीती घालून विकण्याची ही वस्तू नाही.

आणि एक गोष्ट पुस्तिकेत नसते. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच चिमटा लावून न कापता किमान एक मिनिट, शक्य तर तीन मिनिटं थांबलं, तर वारेतलं साधारण ८० ते १०० मिलिलीटर रक्त बाळाच्या अंगात जातं. त्यातलं लोह त्याला पुढचे महिने पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेची तशी शिफारस आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ६९ टक्के मुलांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांत रक्ताची कमतरता आढळली. बाटलीत जास्त रक्त मिळावं म्हणून नाळ घाईनं कापली, तर ते रक्त ज्याचं आहे त्याच्याच तोंडचा घास काढल्यासारखं होईल. प्रसूतीच्या वेळी ते मिनिट थांबायला सांगणं फुकट आहे. त्याला एजंट नाही, म्हणून त्याची जाहिरात नाही.

काही कंपन्यांनी तर मासिक पाळीच्या रक्तातल्या मूळपेशी साठवून ठेवण्याचीही योजना आणली होती. पाळी आली की आपल्याला देवघरातून, स्वयंपाकघरातून बाहेर बसवतात. तेच रक्त विकत घेतलेल्या डबीत बंद केलं की मौल्यवान! २०१७ च्या तत्त्वांनुसार नाळेच्या रक्ताखेरीज इतर कशाच्याही व्यापारी साठवणुकीला मान्यता नाही, हे लक्षात असू द्या.

आशेचा धंदा

मला सगळ्यात जास्त त्रास देणारा प्रश्न त्या संग्रामपूरच्या आईचा आहे. त्याच २०१७ च्या तत्त्वांत स्पष्ट आहे: रक्ताच्या व प्रतिकारशक्तीच्या ठराविक आजारांत मज्जेच्या मूळपेशी देणं हा मान्य उपचार आहे. बाकी बहुतेक सगळं अजून संशोधन आहे. आणि संशोधन असेल तर ते मान्यताप्राप्त चाचणी म्हणूनच करायचं, नैतिक समितीच्या परवानगीनं करायचं, आणि रुग्णाकडून पैसा घ्यायचा नाही. स्वमग्नतेसाठी, म्हणजे ऑटिझमसाठी मूळपेशींची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये कळवलं. तरी जाहिराती थांबल्या नाहीत. सेरेब्रल पाल्सी, लकवा, गुडघे, टक्कल, किडनी, सगळ्यांवर एकच इंजेक्शन. आपल्या खारपाणपट्ट्यात किडनीचे रुग्ण गावोगाव आहेत. ही जाहिरात तिथं पोचायला कितीसा वेळ लागणार?

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत अचानक लोकांचे केस गळू लागले, तेव्हा आपण हे पाहिलं. पदराखाली डोकं झाकून बसलेल्या मुली, लग्न मोडेल म्हणून धास्तावलेल्या आया, आणि कोण कुठलं तेल, कुठलं औषध सांगेल ते आणायला धावणारी माणसं. त्या वेळी एका आजीनं मला विचारलं, "रक्त नेलं, केस नेले, पानी नेलं. निंगालं काय, हे सांगाले कोनी येईन का?" मूळपेशींच्या सगळ्या नीतिशास्त्राचं सार मला या प्रश्नात दिसतं. माझ्या शरीरातलं काही नेलं, तर त्याचं काय झालं हे मला माझ्या भाषेत कळलं पाहिजे.

१९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब काळ्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशी प्रयोगशाळांत आजही वाढताहेत, त्यावर कंपन्यांनी अफाट पैसा मिळवला. त्यांतल्या एका मोठ्या कंपनीशी तिच्या वारसांची तडजोड व्हायला २०२३ साल उजाडलं. आणि आपल्याकडे? २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा कित्येक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या.

फळाचंही तेच. सिकलसेलचा आजार विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत आहे. रुग्णाच्याच मूळपेशींत जनुकाची दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं मान्यता दिली. त्याची अमेरिकेतली किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची पोर तिथं कधी पोचणार?

मग आपण काय करायचं?

लिंगनिदानाच्या विरोधात मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला तेव्हा त्यांनाही 'विज्ञानविरोधी' म्हटलं होतं. त्यांनी हटून लढा दिला आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. तेव्हा हे आपल्या आवाक्यातलं आहे. चार गोष्टी सुचवते.

एक. 'मूळपेशी' म्हणून कोणी उपचार सांगितला की तीन प्रश्न विचारायचे: हा मान्य उपचार आहे की संशोधन? संशोधन असेल तर भारताच्या चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, त्याचा नोंदणी क्रमांक काय? आणि संशोधन असेल तर माझ्याकडून पैसे का घेता? ही नोंदवही २००७ पासून सर्वांसाठी खुली आहे. गावातल्या शिकलेल्या पोरीला मोबाइलवर पाहता येते.

दोन. खोट्या जाहिरातींची कात्रणं, पुस्तिका जपून ठेवा. १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, अन्न व औषध प्रशासन आहे, महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, ग्राहक आयोग आहे. एकटी आई तक्रार करत नाही, कारण "वावर विकलं ते येड्यासारखं" हे ऐकायची तिला लाज वाटते. तक्रार गटानं करायची.

तीन. औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार प्रत्येक नैतिक समितीत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार आणि समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेच्या प्रतिनिधीसारखी एक बाहेरची व्यक्ती असावी लागते. विदर्भातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत या जागांवर कोण बसतं, याची आपण चौकशी करू या. शोभेची बाई बसवण्यापेक्षा प्रश्न विचारणारी बसू द्या. आपल्यातल्या दोघीचौघींनी त्यासाठी तयारी करावी.

चार. आशाताईंनी, परिचारिकांनी गरोदरपणाच्या भेटीत दोन वाक्यं वाढवावीत: नाळ कापायला एक मिनिट थांबायला सांगा, आणि नाळेच्या रक्ताच्या बँकेवर सही करण्याआधी आम्हाला विचारा.

आणि एक गोष्ट आपल्या मनाशी. अपंग मुलाच्या आईला आपण काय देतो? तिला मी पुन्हा भेटायला गेले आणि म्हटलं, माझं चुकलं, मी तेव्हा चौकशी करायला हवी होती. ती म्हणाली, "ताई, वावर तं गेलंच. पन नसते गेले, तं लोक म्हनतीन मायनं काहीच केलं नाही." दलालानं तिची आशा विकली हे खरं. पण तिला त्या दारापर्यंत ढकललं ते या लोकांच्या म्हणण्यानं, आणि व्यायामोपचार, शाळा, अपंगत्वाचा दाखला, महिन्याची मदत यांतलं काहीच गावाजवळ धड मिळत नाही, यानं. आता त्या मुलाला आठवड्यातून दोनदा व्यायामोपचार मिळावा, म्हणून आम्ही तालुक्याला खेटे घालतो आहोत. त्यानं तो चालेल असं मी तिला सांगितलेलं नाही. कदाचित आधारानं बसू लागेल, चमच्यानं खाऊ लागेल. जेवढं खरं आहे तेवढंच सांगायचं, आणि सांगून निघून जायचं नाही, एवढं मी या प्रकरणातून शिकले.

ती मोताळ्याची सून सुखरूप बाळंत झाली. सही केली नाही. नाळ कापायला थांबा, असं तिनं स्वतः सिस्टरना सांगितलं. मुलगी झाली आहे.

तुमचे प्रश्न, आणि विशेषतः माझ्याशी मतभेद असतील ते, जेवणाच्या सुट्टीत किंवा पत्रानं जरूर कळवा.